पापुआची कुऱ्हाड आणि पहिलं बक्षीस

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीला गणपतीच्या सजावटीत पहिलं बक्षीस मिळालं, त्या वर्षाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

अब्बा जहाजावर फिटर होते. लाकूड भरायला जहाज दूर पापुआच्या बंदरात थांबलं असताना त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याच्या बोटीचं इंजिन दुरुस्त करून दिलं. त्याने अब्बांना घरी नेऊन जेवू घातलं आणि निघताना आपल्या वडिलांच्या दोन वस्तू दिल्या. एक होडी कोरायची दगडी कुऱ्हाड, आणि दुसरा न उडणाऱ्या एका मोठ्या पक्ष्याच्या पायाच्या हाडाचा सुरा. कुऱ्हाडीचा दगड दांड्याला वेताने आवळलेला होता. "एक वेढा सैल नाय बघ," अब्बा येईल त्याला दाखवायचे. "आमच्या वर्कशॉपात असा एक कारागीर दाखव."

त्या वर्षी गणपतीआधी सोसायटीचे सेक्रेटरी त्या वस्तू मागायला आले. "चाचा, यंदा जंगलचा देखावा करतोय. द्या ना जरा." माणूस वाईट नव्हता, अडीअडचणीला धावून यायचा. अब्बांनी आनंदाने दिल्या. कुऱ्हाड होडीची आहे, हेही सांगितलं.

आरतीला आम्ही खाली गेलो, तर काय! सोसायटीतली मोठी मुलं अंगाला बूटपॉलिश फासून, पाल्याचे घागरे नेसून किंचाळत नाचत होती. एकाच्या दातांत सुरा. कुऱ्हाडीला वेतासकट लाल ऑइलपेंट फासलेला, म्हणे रक्त! वर थर्माकोलची पाटी, 'नरभक्षक'. ज्याने माझ्या बापाला रताळी भाजून वाढली, तो नरभक्षक? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले, तशी अम्मीने मनगट धरलं.

"गप ऱ्हा. सणाचे दिवस हायत. आपण बोललो तर भलतंच होईल."

मुंबईतली दंगल तेव्हा लोक विसरले नव्हते. आम्हीही नव्हतो. मी मागे सरले.

विसर्जन झाल्यावर सेक्रेटरी दोन्ही वस्तू परत करायला पेढे घेऊन आले. "चाचा, रंग काय निघत नाय हो. पण फर्स्ट प्राइज तुमच्यामुळेच! पुढच्या वर्षी पण लागेल हां."

अब्बा वेताच्या वेढ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. फटीफटीत रंग वाळून घट्ट बसला होता. मला वाटलं, आता बोलतील. भांडू नका, पण निदान तो म्हातारा कसा होता ते तरी सांगा!

"देईन की," अब्बा म्हणाले, आणि हसून पेढा उचलला.