आत्याबाईंचा ऑर्गन

ऑर्गनजवळ येणाऱ्या प्रत्येकाचे हात आत्याबाई हुंगून पाहत. पास्टरसाहेबांचेसुद्धा. "शेंगदाणे खाल्ले ना? मंग तिकडंच बसा. तुमच्या मांगं उंदीर येते, अन् उंदीर भात्याचं चामडं खाते."

अनसिंगच्या रस्त्यावरच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातला छोटा पाइप ऑर्गन होता. आत्याबाई निवृत्त नर्स; ऑर्गन त्याच वाजवत. उंदरांसाठी त्यांनी चर्चमध्ये मांजर पाळली आणि त्यावरून कमिटीशी भांडल्या. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून ऑर्गनच्या पोटाशी पाण्याचे माठ ठेवत. "त्याले बी तहान लागते," म्हणत.

मी क्वायरमध्ये गायचो, घरी हार्मोनियम वाजवायचो. आपण यांच्यापेक्षा चांगलं वाजवू, याची मला खात्री होती. एकदा तरी बसू द्या म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "भाऊ, गळा देवानं तुमाले देला, पेटी मले देली. आपापलं सांभाळा." लोक हसत. मीही हसे. पण रविवारी त्यांनी पहिला सूर धरला की सगळं चर्च उभं राही आणि मला माझाच आवाज ऐकू येईनासा होई. इतका मत्सर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या अमरावतीला गेल्या तेव्हा ऑर्गनची किल्ली माझ्याकडे आली. ऑर्गनच्या लाकडाला कीड लागून बारीक भुसा गळत होता. त्यांना जमलं नाही ते आपण करून दाखवू, असं मनात आलं. गव्हाच्या कोठीत ठेवतो त्याच गोळ्या मी आत ठेवल्या, वरून ताडपत्री गच्च बांधली. कीड मेली.

आत्याबाईंनी परत येऊन पट्ट्या दाबल्या. ज्या नळ्यांत पितळी पाती होती, त्या साऱ्या मुक्या. पाती काळी पडलेली. कमिटीनं माठांच्या ओलीला दोष दिला आणि मला विचारलं. "पाणी ठेवू नका, असं मी सांगतच होतो," मी म्हणालो. गोळ्यांचं बोललो नाही.

"इतके उन्हाळे पाणी पाजलं, तवा नाही बिघडला तो," आत्याबाई एवढंच म्हणाल्या. किल्ली त्यांना परत मिळाली नाही. ऑर्गन बंद झाला, कीबोर्ड आला, तो मी वाजवू लागलो.

पुढे कोठी रिकामी करताना गव्हात विसरलेलं पितळी माप हाती आलं. तसंच काळंठिक्कर. गोळ्यांच्या वायूनं पितळ काळं पडतं हे तेव्हा समजलं, तरी गप्प राहिलो. आत्याबाई शेवटच्या बाकावर बसून माझं वाजवणं ऐकत. निघताना म्हणत, "बरं वाजवलं, भाऊ. घाई लय करता फक्त."

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. म्हातारीनं पाणी ठेवून ऑर्गन घालवला, असं लोक अजून म्हणतात. ते खरं नाही. तो माझ्या गोळ्यांनी गेला.

त्यांच्या दफनाच्या उपासनेत मी कीबोर्ड वाजवला. कुठंही चुकलो नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आज आत्याबाईंचा ऑर्गन असता तं..." आणि बाया रडू लागल्या. कबरीत माती टाकताना मला वाईट वाटायला हवं होतं. मला त्यांचा हेवा वाटत होता.