रॉकेल हलवून पाहणारा माणूस

भर दुपारी, डांबर वितळायच्या वेळेला, सायकलच्या हँडलला कंदील लटकवून हिंडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आम्ही समुद्रपूरवाल्यांनी रोज पाहिला. त्याला सगळे कंदील मिस्त्री म्हणत. नाव होतं, रेशनकार्डावर असेल, पण ते विचारायची गरज कुणाला पडली नाही.

मिस्त्रीचा धंदा बोअरचा. शेतात उभं बोअर मारायचं, आणि आटलेल्या विहिरीत उतरून तळाशी कडेच्या दगडात आडवं बोअरही मारायचं. विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार, विझली तर नाही. "आधी कंदील, मंग माणूस," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मालकाला कितीही घाई असो, तो बिडी शिलगावून कंदिलाकडे बघत बसे.

पण खरी गंमत त्याच्याही आधीची. कंदील पेटवण्यापूर्वी मिस्त्री तो कानाशी नेई, डोळे मिटून घेई आणि हलवी. एकदा, दोनदा, तीनदा. बाजारात नारळ पारखणाऱ्या बाईसारखा चेहरा करून आतल्या रॉकेलचा आवाज ऐके. चहाच्या टपरीवर काम नसतानाही मध्येच कंदील उचलून हलवी आणि पुन्हा खाली ठेवून चहा पिई.

नव्वदच्या सुरुवातीला मी तिथल्या शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून लागलो. विज्ञान बरं शिकवायचो, नकला त्याहून बऱ्या करायचो. हेडमास्तरांची शिंक, वर्धा गाडीचा कंडक्टर आणि कंदील मिस्त्री हे माझे तीन हुकमी आयटम. एका स्नेहसंमेलनात मी खराखुरा कंदील घेऊन स्टेजवर चढलो, डोळे मिटले, कंदील हलवला. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. दुसऱ्या रांगेत साक्षात मिस्त्री बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. वाटलं, आता ऐकवणार. तो म्हणाला, "मास्तर, कान अजून जवळ न्याजा. इतक्या दुरून आयकू नाई येत." आणि गेला. हाही किस्सा मी नकलेला जोडून दिला. त्याला जास्तच टाळ्या पडायच्या.

पुढच्या वर्षी शाळेचा हातपंप दुरुस्त करायला मिस्त्री आला. मी आठवीला कार्बन डायऑक्साइड शिकवत होतो. मोठ्या काचेच्या भांड्यात खायचा सोडा, वर व्हिनेगर, फसफस झाली. मग जादूगाराच्या थाटात ते भांडं, आतलं पाणी सांडू न देता, पेटत्या मेणबत्तीवर तिरपं केलं. दिसायला काहीच ओतलं जात नव्हतं, पण मेणबत्ती विझली. पोरांनी टाळ्या पिटल्या. दारातून आवाज आला, "पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. मिस्त्री आत आला. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा मेणबत्ती विझली तेव्हा तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. तास संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "म्हणजे हा पाण्यासारखा खाली बसून राह्यते. दिसत नाई फक्त."

मग त्याने लहानूची गोष्ट सांगितली. लहानू त्याचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला जोडीदार. एका बंद विहिरीवर दोघं गेले होते. वर काट्याकुट्या टाकून झाकलेली, आत वर्षभराचा पाला कुजलेला. रीतीप्रमाणे कंदील सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. मिस्त्रीला वाटलं, सकाळी रॉकेल भरायचं राहिलं. लहानू म्हणाला, तू गावातून रॉकेल आण, तोवर मी उतरून जागा बघतो. मिस्त्री म्हणाला, उतर.

कंदील तसाच लटकता सोडून तो गेला. रॉकेल घेऊन परत आला तेव्हा लहानूचा दोर हलत नव्हता. लोकांनी आधी लहानूला वर काढलं, मग कंदील.

"तो कंदील मी उचलला, मास्तर," मिस्त्री म्हणाला. "आतून आवाज आला. अर्धा भरून होता."

त्या दिवसापासून माझे हुकमी आयटम दोन राहिले.

दोन हजार सालानंतर कधीतरी एक जीप गावात आली. तिच्यात बाहेरच्या कुठल्याशा संस्थेच्या भूशास्त्राच्या एक बाई होत्या. गिरण्या-कारखान्यांच्या चिमण्यांतून हाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तो धरून, पाण्यात विरघळवून आपल्याकडच्या काळ्या दगडात खोल गाडता येईल का, हे त्यांना तपासायचं होतं. विज्ञान शिकवणारा म्हणून मला पुढे केलं, आणि दगड ओळखणारा म्हणून मी मिस्त्रीला. तो बाईंना हाताची बोटं दाखवत सांगू लागला, इतक्या फुटांवर मुरूम, मग काळा फत्तर, मधे लाल मातीचा पट्टा, मग भोकाभोकांचा दगड. बाईंची वही भरत गेली.

एका विहिरीच्या मलब्यातून बाईंनी असाच भोकांचा दगड उचलला. भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली. बाटलीतून आम्लाचा थेंब टाकला, तसा पांढरा खडा फसफसला. बाई म्हणाल्या, "हा तोच वायू. लाखो वर्षं दगड होऊन बसलाय. आम्हालाही त्याचा असाच दगड करायचाय."

मिस्त्रीने हात मागे घेतला होता, तो हळूच पुढे केला. "मंग हा आता कोणाले मारत नाई?"

"दगड झाल्यावर नाही."

"अन् दगड व्हायच्या आधी वर आला तं?"

"वर घट्ट दगडाचं झाकण असतं."

"झाकणाले तं मीच भोकं पाडले ना, बाई," मिस्त्री म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, वायू जाईल तो पाऊण-एक किलोमीटर खाली, तुमची बोअरं तिथवर पोचतच नाहीत. पण खोटं बोलायचं नाही म्हणून पुढे हेही सांगितलं, की चुकून वर आलाच तर उघडं भोक ही त्याची सोपी वाट. म्हणून असं काम करण्याआधी जुनी भोकं शोधून बुजवावी लागतात.

तो दगड मिस्त्रीच्या हाती देऊन बाई गेल्या. मिस्त्री मात्र कामाला लागला.

आमच्याकडे बोअरला पाणी लागलं नाही, की केसिंगचा पाइप उपसून दुसरीकडे वापरायचा, तोंडावर फरशी ठेवायची आणि माती लोटायची अशी रीत. फसलेल्या बोअरचं कुणी नावही काढत नाही. मिस्त्री अशा वावरांत जाऊन म्हणे, इथं भोक आहे. मालक म्हणत, छे, आमच्यात बोअर झालंच नाही. मिस्त्री वाद घालत नसे. कडुनिंबापासून पावलं मोजत जाई, चपलेने माती बाजूला सारी आणि फरशी उघडी करी. एका वावरात म्हातारी मालकीण आडवी आली. म्हणे, बुजवू नको रे बाबा, उद्या पाणी लागलं तं? मिस्त्री दोन तास तिच्याशी बोलत बसला, तिच्या हातचा चहा प्याला आणि मग तिच्याकडूनच मातीचा पहिला गोळा टाकून घेतला. चिकणमातीचे गोळे तळापासून ठासायचे आणि वरच्या दहा फुटांत सिमेंट.

मला भेटला की विचारी, "मास्तर, बाईचा गॅस कधी येते? इथंच गाडा म्हणा त्याले. जागा करून राह्यलो." मी थट्टेने म्हणायचो, निघालाय, वर्ध्याला पोचलाय, आपल्या फाट्यावर चहा पितोय. तो हसे आणि हसता हसता खोकू लागे. तीस वर्षांची दगडाची भुकटी छातीत बसली होती. पुढे पुढे वाक्याच्या मध्येच त्याला थांबावं लागे.

गॅस आला नाही. बाईंचं पत्र आलं, की अभ्यास तेवढ्यावरच थांबला. ते पत्र मी मिस्त्रीला वाचून दाखवलं नाही. सांगितलं, उशीर लागेल.

"लागू द्या," तो म्हणाला. "एकच राह्यलं माझं."

ते शेवटचं भोक आम्ही हिवाळ्यात बुजवलं. मिस्त्री ऑटोत उशीला टेकून बसला होता आणि हाताने खुणा करत होता. गोळे मी टाकत होतो. सिमेंट ओतून झाल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. "लहानू माझ्या 'उतर' म्हणाची वाट पाहून होता," तो म्हणाला. "मी एकदा कंदील हलवून पाह्यला असता तं..." पुढचं बोलायला त्याला श्वास पुरला नाही.

दोन महिन्यांनी मिस्त्री गेला. त्याच्या बायकोने मला घरी बोलावून दोन वस्तू दिल्या, पांढऱ्या खड्यांचा तो दगड आणि कंदील. म्हणाली, "मास्तरले द्या म्हणलं होतं त्यायनं."

दगड शाळेच्या कपाटात आहे. मेणबत्तीचा प्रयोग झाला की मी तो पोरांच्या हातात फिरवतो. कंदील मात्र घरी आणला. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर उभा असतानाच, नकळत, मी तो कानाशी नेऊन हलवला होता. अगदी जवळ धरला होता, त्याने शिकवलं होतं तसा. काहीच आवाज आला नाही.

झाकण उघडून पाहिलं. रॉकेल काठोकाठ भरून ठेवलं होतं, हलायला जागाच नव्हती.