दाराबाहेर खोकणारे अप्पा

अप्पांना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. खुर्ची दिली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. बशी आमच्या ओट्याच्या या टोकाला, कप त्या टोकाला सापडायचा. मला भयंकर राग यायचा. आता माझाच पाय एका जागी ठरत नाही.

आमच्या घाटनांदूरला वडिलांच्या या मित्राचं किराणा दुकान होतं, पण गावात ओळख वेगळीच. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, घरोघर आवतन द्यायला अप्पाच जायचे. थेट आत कधी शिरले नाहीत. दाराबाहेर थांबून खोकायचे, "येऊ का?" विचारायचे, आतून "या" आलं तरच उंबरा ओलांडायचे. कुठे सुतक आहे, कुठे भावाभावांत वाजलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. अप्पा सांगून गेले म्हणजे जावंच लागतं, असं बायका म्हणायच्या.

आमची डोंगराकडेला सीताफळं. नोकरी सोडून मी ती ईमेलवरून पुण्या-संभाजीनगरच्या लोकांना विकत होतो. गिऱ्हाईक तीनशेच, पण पक्कं. सकाळी ईमेल गेला की दुपारपर्यंत मागणी यायची. मला हाव सुटली! बहिणीच्या लग्नात आहेराच्या टेबलावर मी दुसरी वही ठेवली आणि प्रत्येक पाहुण्याकडून ईमेलचा पत्ता लिहून घेतला. वही भरली तेव्हा काय फुशारकी मारली होती मी.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांना एकदम ईमेल धाडला. निम्मे पत्ते खोटे निघाले. कुणी पोराचा दिलेला, कुणी मनानंच रचलेला. उरलेल्यांनी 'हा कोण?' म्हणून स्पॅमचं बटण दाबलं. असं बऱ्याच जणांनी केलं की पाठवणाऱ्याचं नावच खराब होतं. झालं! ज्या तीनशे जणांना माझी फळं हवी होती, त्यांच्याकडेही माझे ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडू लागले. झाडावर फळांनी डोळे उघडलेले, तोडणीला आलेली, आणि मागणी एकही नाही. सीताफळ काय, उतरवलं की चार दिवसांत मऊ. वडील माझ्याशी बोलेनासे झाले.

अप्पा आले, उभ्या उभ्याच सगळं ऐकलं आणि भडकले. "आहेराच्या टेबलावर घाईत मानूस कायबी लिहून देतो बे! तुला कुनी 'या' म्हनलं होतं का? मग गेलास कशाला?"

मी वही आणून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वहीतले सगळे पत्ते माझ्याकडून पुसून घेतले. मग जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन लावले, रोज चाळीसच. "आमचं पत्र तुमच्या अडगळीत पडलंय जनू. जरा बघता का? आन् परत पाठवू का, तेबी सांगा." लोक हसायचे, ईमेल स्पॅममधून बाहेर काढायचे, 'पाठवा' असं उत्तर लिहायचे. त्या चाळीस जणांनाच त्या दिवशी ईमेल जायचा. मी चिडायचो, सगळ्यांना आजच पाठवू म्हणायचो. अप्पा ओट्यावर फेऱ्या मारत दर दोन मिनिटाला "आलं का बे उत्तर?" विचारायचे, पण एक्केचाळिसावं नाव घेऊ द्यायचे नाहीत. त्यांनी स्वतःचाही एक पत्ता काढून यादीत सगळ्यांत वर घातला होता. ईमेल आला की ओट्यावरूनच ओरडायचे, "आलं बे! अडगळीत न्हाई, दारात आलं!"

निम्मी फळं त्या वर्षी सडली. निम्मी वाचली ती अप्पांमुळे.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक शिस्त लावली. ओळीनं तीन ईमेल ज्यानं उघडले नाहीत, त्याचं नाव काढायचं. त्यांचा एक जवळचा पाहुणाच त्यात निघाला. मी अडखळलो, तर म्हणाले, "तीनदा खोकलो, आतून आवाज न्हाई. आता चौथ्यांदा उभं ऱ्हायचं न्हाई. मंग तो कुनीबी असू दे."

या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुकानातून घरी चालत निघाले होते, वाटेतच कोसळले.

हंगाम सुरू झाला. पहिला ईमेल गेला, ओट्यावरून कुणी ओरडलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. मग न उघडणाऱ्यांची यादी समोर आली आणि तिच्यात सगळ्यांत वर अप्पांचं नाव. मी उठलो. ओट्यावर किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. एक नाव राहिलं तर काय बिघडणार होतं? पण त्यांचंच बोलणं कानातून हलेना. आत आलो आणि नाव काढलं. रडू आवरलं नाही.

मग पाटीत निवडक सीताफळं भरली आणि त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तरी बाहेर थांबलो, खोकलो आणि विचारलं, "येऊ का?"

आतून काकूंचा आवाज आला, "ये बाबा, ये. हे गेल्यापासून दाराभाईर थांबून कुनी इचारलंच न्हाई."