पालथ्या पैलवानाच्या मानेवर

पैलवान पालथा पडला, की तो सुरक्षित झाला असं तुम्हीही मानता का?

मी मानत होते. मुदखेडच्या तालमीत वस्तादांनी माझ्या मोठ्या भावाला, दादाला, पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं. सुटका दिसेना की पोटावर पड, माती धर, पाठ लागू देऊ नको. कुस्ती पाठ टेकल्यावरच जाते.

पुढं दादा मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडं, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे-लाथांनी लढायच्या खेळाकडं वळला. लातूरच्या हौशी सामन्यांचं पत्रक मीच लिहिलं. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली, मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे छापलेल्या ओळीवर माझा फार विश्वास. नियम मी नीट लिहून दिले. हौशी सामन्यात कोपराचा फटका नाही, व्यावसायिकांना तो चालतो. पण डोक्याच्या मागे आणि मणक्यावर मारायला दोघांनाही बंदी. आयोजकांनी हे सगळं गाळलं आणि तिथं पाहुण्यांचे फोटो टाकले.

"ताई, पब्लिक काय नियम वाचायला येऊन राहिली का? पंच सांगतील की आत."

मी भांडले. आणि मग तेच पत्रक मी गावभर वाटलंही.

दुसऱ्या राउंडला दादा खाली गेला आणि सवयीनं पालथा झाला. हात मॅटवर पसरलेले, जणू मातीच धरायची होती. डोकं उघडं. पाठीवर बसलेला गडी मारत राहिला, कानामागं, मानेच्या खळगीत. पंच वाकून बघत होता. मी टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, दादानं पाठ वाचवली. जो नियम मी माझ्या हातानं लिहिला, तो समोर मोडला जात होता आणि मला दिसला नाही.

पंचाला नंतर जाब विचारला. आयुष्यभर कुस्त्याच सोडवलेला माणूस. म्हणाला, "तो आपणहून पालथा पडला बाई. मग मार मागंच बसणार न्हाई का?"

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सूज आहे, आता डोक्याला मार नको. दादा चालताना डावीकडं झुकतो. शर्टाची बटणं वहिनी लावते. आणि येत्या रविवारी लातूरलाच त्याचा पुढचा सामना आहे.

"नाव काढून घे, दादा."

"हरलेलाच घरी बसू का? पत्रकानं कुणाचं डोकं वाचलंय आजवर?"

"तुझं वाचवायचं होतं."

"मग फोटोपेक्षा मोठ्या अक्षरात लिहायचं व्हतं." तो हसला आणि भिंत धरून उठला.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी आयोजकांकडं गेले. त्यांनी संमतीपत्रावरची दादाची सही दाखवली. पोलीस ठाण्यात म्हणाले, खेळच आहे ना तो. वहिनीनं त्याचे ग्लोव्हज लपवले, त्यानं दुसरे आणले. आता आमच्या हातात काही उरलं नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. लातूरचे असाल तर रविवारी या. पिंजऱ्याजवळची जागा धरा. दादा आत जाण्याआधी पंचाला सगळ्यांसमोर सांगा, "कुठं मारायचं नाही ते हातानं दाखवा." दाखवता आलं नाही, तर सामना सुरू होऊ देऊ नका. आणि सुरू झालाच, तर मागून पहिला फटका बसताच उभे राहा. पंच त्या दोघांच्या मध्ये येईपर्यंत खाली बसू नका.