बोथट कात्री

कोपऱ्यावरच्या छोट्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळची मावशीची, नळाजवळची भाचीची. आई गेल्यावर मावशीनेच भाचीला वाढवलं आणि तिच्या हातात कात्री दिली. आता भाची चाळिशीला आली, तरी मावशी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "पोर शिकतेय अजून."

भाची हसून सोडून द्यायची. पण गेल्या वर्षी मावशीचा हात थरथरू लागला. एका बाजूचे केस खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूचे हनुवटीपाशीच. मावशीला ते दिसत नसे, किंवा दिसूनही दिसत नसे.

सरळ सांगणं भाचीला जमेना. मनात वाक्य जुळवून ठेवायची, पण मावशीने "जेवलीस का गं नीट?" असं विचारलं की ते वाक्य विरघळून जायचं. मग तिने एक युक्ती केली. धार लावणारा आला की ती फक्त आपल्या कात्र्या त्याच्याकडे द्यायची. मावशीची कात्री हळूहळू बोथट झाली. मावशी तासभर ती चालवी, गिऱ्हाइकाशी पोटभर गप्पा मारी, केस मात्र पात्यांत नुसते दुमडत. शेवटी "जरा हात फिरवते" म्हणून भाची सगळं नीट कापून देई. जुन्या बायकांना कळत होतं. कोणी बोललं नाही.

एका दुपारी मावशी न सांगता बाहेर गेली आणि परतली ती फुलून. स्वतः चालत जाऊन धार लावून आणली होती.

"मला वाटलं माझा हातच गेला! कात्री मेली होती गं. तुझं लक्ष असतं तरी कुठे?"

त्याच संध्याकाळी शाळेतल्या एका बाईंच्या कानाला ती कात्री लागली. रक्त थोडंच आलं, पण बाई कापूस धरून उठल्या आणि मावशीकडे न बघता गेल्या.

दार लावल्यावर भाची म्हणाली, "मावशी, उद्यापासून तू कात्री धरायची नाहीस."

"बरं."

"म्हणजे ये, बस, बोल. फक्त केस मी कापणार."

"बरं म्हटलं ना. बहिरी नाही झाले अजून." मावशी जमिनीवरचे केस गोळा करत राहिली. "तू पहिल्यांदा माझ्याच डोक्यावर हात साफ केला होतास. महिनाभर रुमाल बांधून हिंडले. धरू नकोस म्हटलं होतं का मी?"

भाचीने मावशीची कात्री पुसून खणात ठेवली.

त्यानंतर मावशी पार्लरला आली नाही. घरी स्वयंपाक तयार असे, बोलणं नेहमीसारखं. "आता आराम गं," म्हणायची. भाचीला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. खिडकीजवळच्या खुर्चीत तिने कुणाला बसवलं नाही.

मग एका सकाळी पार्लरमध्ये फोन आला. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकूंचा.

"अगं, मावशी निघाल्या का? मी केस धुऊन बसलेय कधीची."

भाचीने खण उघडून पाहिला. मावशीची कात्री तिथे नव्हती.

"काकू, ती तुमच्याकडे येते?"

"आम्ही चौघी घरीच कापून घेतो ना त्यांच्याकडून! या वयात आमचे केस बघतंय कोण? वाकडे तर वाकडे. त्यांना नाही म्हणवतं का कुणाला?"

मावशीला सांगायची सगळी वाक्यं भाचीने जुळवली होती. काकूंना सांगायचं एकही तिच्याजवळ नव्हतं.

"येईल," ती म्हणाली. "जिना चढायला वेळ लागतो तिला."