उशी उचल, रेवा!

आमच्या फोटोग्राफी ग्रुपचे किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत आणि कपाटात मावत नाहीत! त्यातली सगळ्यात फुगलेली पिशवी म्हणजे पार्कातली उशांची मारामारी.

हो, उशांची! रविवारी सकाळी अख्ख्या गावानं उशा घेऊन यायचं, अनोळखी माणसाला बडवायचं आणि हसत घरी जायचं. आयडिया कॉलेजच्या पोरांची, फोटो आमचे.

आदल्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. कॅमेऱ्याची काळजी नव्हती, रेवाची होती. रेवा माझी मुलगी, चार वर्षांची. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, "कुणी हिला ढकललं तर ही रडत नाही हो, उलट त्यालाच सॉरी म्हणते!" ही जगात टिकणार कशी? आणि हे शिकली तरी कुठून? शेवटी ठरवलं, तिला बरोबर न्यायचं. जिथं मारायची परवानगीच आहे, तिथं तरी मारेल!

सासूबाई हबकल्या. "उशी घेऊन पार्कात? गो, घरात निजायला जागा नाय म्हणतील लोक!"

मग स्वतःच रेवाची छोटी उशी उन्हात घातली, वर इस्त्रीचा अभ्रा चढवला. मारामारीला जायचं, तर नीटनेटकं!

* * *

ग्रुपचे प्रमुख कदमसर, निवृत्त ड्रॉइंग टीचर. त्यांचे नियम कडक. "उशी सावरीच्या कापसाचीच. चेन नको, बटण नको. आणि फोटोग्राफरला कुणीही मारायचं नाही!"

शिट्टी वाजली. बँकेत माझ्याकडे मान वर करून न बघणारे साहेब उशी गरागरा फिरवत धावले. समोर एक बागायतदार काका. काकांनी आधी हाणली.

टक्क!

साहेब खालीच बसले. उशी उसवली, तर आत सावर नाहीच. आंबे पिकवायच्या अढीतला पेंढा, आणि त्यात एक अख्खा हापूस!

काकांचा चेहरा उजळला. "तरीच म्हटलं, पेटीत एक कमी कसा!" मग आंबा पुसून साहेबांच्या हातात ठेवला. "अजून कडक आहे. दोन दिवस थांबून खा."

* * *

आमच्या ग्रुपातल्या नाझनीनभाभींचा नवरा मस्कतला. भाभींच्या एका हातात त्याचा व्हिडिओ कॉल, दुसऱ्या हातात उशी. फोनमधून एकदम आरडाओरडा. "अगं थांब, थांब! ती माझी उशी आहे!"

"तुमची आहे म्हणूनच तर जोर येतोय!"

* * *

एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. कदमसरांनी पोझ सांगितली. "मुलीनं हळूच टपली मारायची, मुलानं लाजायचं."

मुलीनं अशी हाणली की मुलाचा चष्मा उडून मेंदीच्या कुंपणात! सगळे गार. मुलाची आई तरातरा पुढे आली. आता लग्न मोडतंय म्हणून मी डोळे मिटले.

"आणखी एक दे गो," त्या म्हणाल्या, "ह्याच्या लहानपणी माझ्या हातून राहिलंय!"

* * *

या सगळ्यात रेवा उशी पोटाशी धरून उभी. एका मुलानं येऊन तिला हाणली. मी ओरडले, "उशी उचल, रेवा!"

तिनं उचलली. आणि त्यालाच देऊन टाकली. त्याची फाटली होती ना, म्हणून!

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. तोंड लपवायला बरी जागा असते ती.

तेवढ्यात मागून मानेवर धप्प! वळून बघते, तर कदमसर! नियम करणारे कदमसर! केसांत सावरीचा कापूस, हातात उशी, तोंडावर शाळकरी हसू.

माझ्या तोंडून निघालं, "सॉरी, सर!"

सरांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो, मी मारलं तुम्हाला!"

"हो, सर. सॉरी."

रेवा माझ्याकडे बघत राहिली. मग गवतावर पडलेली कुणाचीतरी उशी तिनं ओढत आणली आणि माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा धरून मला खाली वाकवलं.

"आई, कॅमेरा मी धरते. तू मार."