शीतलच्या कोडमधले सर

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. छोट्या दुकानांच्या वेबसाइट करून देणारं आमचं बीडमधलं ऑफिस दोन खोल्यांचं, पण किस्से म्हणाल तर गोदाम भरेल! बाकीचे मी टाळ्या देत सांगतो. हे सांगताना मात्र मान वर होत नाही, राव.

*

माझा पार्टनर अन्वर. कुणाचंही काम बघायला दिलं की त्याचा फीडबॅक ठरलेला, "लई भारी!" एकदा चुकून मी त्याला कोऱ्या पानाची लिंक पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं, "लई भारी! फक्त लोगो जरा मोठा कर."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, फीडबॅक कसा द्यायचा ते माझ्याकडून शिक, बे!

*

तर माझी पद्धत अशी. शनिवारी चहाच्या वेळी एकेकाचं कोड मोठ्या टीव्हीवर लावायचं आणि मी ते मोठ्यानं वाचायचं. धारूरची शीतल नवीनच लागलेली. क्लास करून आलेली, पहिलीच नोकरी. वडिलांनी तीन महिन्यांची मुदत दिलेली. सरांनी कायम केलं तर बीड, नाहीतर परत घरी. म्हणजे पोरीचं सगळं माझ्या एका 'हो'वर.

पहिल्याच शनिवारी मी म्हणालो, "शीतल, हे कोड हाय का धुण्याचा ढीग?" सगळे खो खो हसले. अन्वर तेवढा हसला नाही. "इतकं टोचून काहून बोलतो बे?"

"लई भारी म्हणून कुणी शिकत न्हाई!" मी म्हणालो.

*

आता माझं कोड ऐका. दातांच्या दवाखान्याची वेबसाइट उचलून मी एका मंगल कार्यालयाला चिकटवली. नाव बदललं, फोटो बदलले, बुकिंगचा फॉर्म तसाच! मालकाचा फोन आला, "साहेब, तारीख घ्यायला गेलं की 'कोणता दात दुखतोय' म्हणून विचारतंय. आमच्याकडं लग्नं लागतात हो!"

आणि मी काय बोललो? "नवीन पोरगी हाय, तिनं केलं." शीतल समोरच बसलेली. फॉर्मही तिनंच नीट केला. मला तेव्हा लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

*

तिसऱ्या महिन्यात धारूरला एका रिटायर गुरुजींच्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. सीताफळाचा गर विकायचा त्यांचा धंदा. सगळं कोड शीतलचं. माझं 'हो' अजून बाकीच होतं. तिचे वडील, आबा, नवी टोपी घालून पहिल्या खुर्चीवर. नारळ फुटला, पेढे वाटले. गुरुजी भारी हौशी. "आतलं कोड कसं असतं बघू की!" म्हणत त्यांनी ते टीव्हीवर उघडलंच.

कोडच्या मधेमधे स्वतःसाठी टिपा लिहिता येतात. वेबसाइटवर त्या दिसत नाहीत, आत दिसतात. गुरुजी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला लागले, "सर म्हणाले, एवढं शेण कुणी घालतं का. बटण दुरुस्त केलं. सर म्हणाले, तुझ्यापेक्षा म्हैस लवकर शिकली असती. फोटो लहान केले. सर म्हणाले..."

सगळी माझीच वाक्यं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आबा उठले. "शीतल, कोण गं हे सर?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "क्लासमधले, आबा. जुने."

आबांनी टोपी सारखी केली, माझ्यापुढं आले आणि हात जोडले. "बरं झालं साहेब, लेकरू तुमच्या हाताखाली आलं."